मापाने आणलेला मदरबोर्ड

चि. खारूस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या सुरुवातीला आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. तुझी आई खुशाल आहे, शिलाईची दोन्ही मशिनं खुशाल आहेत, आणि मी खुशाल आहे की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत. (एक मत माझं. दुसऱ्या मताला माझं ब्लडप्रेशर तोंडपाठ आहे.) तुझा खोकला गेला का? तुझ्या खोलीच्या खिडकीला घरमालकाने काच बसवली का? हे सगळं मला तुझ्या आईकडून कळतं, नाही असं नाही. पण तिच्याकडून कळलेलं म्हणजे धुऊन इस्त्री करून आलेलं असतं. सुरकुत्यांसकट काही माझ्यापर्यंत पोचत नाही. फोनवर तू माझ्याशी दोनच वाक्यं बोलतेस. पहिलं, "जेवलात का?" आणि दुसरं, "आईला द्या." सहा महिने झाले. मी रोज जेवलेलो असतो आणि रोज आईला देतो. म्हणून म्हटलं, आता पत्रच लिहावं, म्हणजे निदान माझं बोलणं पुरं होईल.

तर पत्रास कारण तुझा प्रोसेसर. तू जाताना कॅबिनेट, डिस्क, रॅम वगैरे खोक्यात घालून पलंगाखाली सारून गेलीस आणि प्रोसेसर मात्र छोट्या डबीत घालून दुकानातल्या बटणांच्या खणात ठेवलास. (बरोबरच आहे. लहानपणापासून तुझ्या सगळ्या मौल्यवान वस्तू त्याच खणात सापडायच्या, म्हणून तर तू खारू.) मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय तेवढे घ्यायचे राहिले होते. ते घ्यायच्या आतच तो दिवस आला. तू मला विचारलंस, दुकानाचा पुढचा भाग मला द्याल का, कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल टाकते. आणि ट्रायलला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, एवढं शिकून स्क्रूच पिळायचे असतील तर ते माझ्या दुकानात नकोत. गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. तू हसली नाहीस, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मला वाटलं होतं, आठवड्याभरात राग उतरेल. तो काही उतरला नाही, कारण तो राग नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. मग मी ठरवलं की तुझा कॉम्प्युटर आपण स्वतः जोडायचा आणि जोडून झाला की तुला कळवायचं, म्हणजे तू पुन्हा माझ्याशी बोलायला लागशील. बेत एवढाच होता. बाकी जे झालं ते सगळं त्या बेताच्या अंगावरून सांडलेलं आहे.

पहिली गोष्ट मी काय केली असेल तर टेप घेतली. हसू नकोस. चाळीस वर्षं माझ्यासमोर कोणी उभं राहिलं की हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे जातो, आणि हा प्रोसेसर तर गरीब बिचारा, हलत नाही, पोट आत ओढत नाही. साडेसदतीस मिलिमीटर लांबी, साडेसदतीस रुंदी. मापाच्या वहीत रीतसर नोंद केली. (छाती, कंबर, बाही हे रकाने कोरे सोडले.) मग जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे ना, तळघरातला, तिथे गेलो आणि जिन्याजवळच्या पहिल्याच दुकानात साडेसदतीसचा मदरबोर्ड मागितला. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं, आणि ढिगातून एक बोर्ड काढून दिला. प्रोसेसर बसवायच्या त्याच्या चौकोनी खाचेचं, म्हणजे सॉकेटचंही मी माप घेतलं. सुताइतका फरक नाही! असा खूश होऊन घरी आलो की तुझ्या आईला वाटलं मला कोणीतरी लग्नाच्या सगळ्या शेरवान्या एकदम दिल्या.

घरी प्रोसेसर ठेवला तर तो बसेना. त्याच्या दोन कडांना खाचा आहेत आणि सॉकेटमध्ये त्यांच्यासाठी दोन उंचवटे आहेत, पण खाचा एकीकडे आणि उंचवटे दुसरीकडे. आता शिंप्याला काय सुचणार? माप बरोबर आणि फिटिंग चुकलं, म्हणजे अल्टर करायचं. कात्रीला धार लावायची बारीक कानस मी हातात घेतलीही होती. तुझी आई भाजी निवडत होती, तिने तिथूनच सांगितलं, "तिच्या वस्तूला कानस लावाल तर मीपण संध्याकाळची गाडी धरीन." मी कानस खाली ठेवली. मग भिंग लावून सॉकेट बघितलं. आत हजारावर तारा आहेत गं, सुईच्या टोकाहूनही बारीक! मी त्या कानशीने काय करायला निघालो होतो याचा विचार आला की अजून घाम फुटतो. आणि मला कळायला हवं होतं. एकाच मापाची दोन माणसं मी जन्मभर बघत आलोय, पण एकाचा खांदा उतरता असतो आणि त्याचा शर्ट दुसऱ्याला चढवला की मानेशी चुणी पडते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तळघरात. या वेळी कोपऱ्यातल्या त्या दोन चष्म्यांवाल्याकडे गेलो (एक नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधत होता). त्याने प्रोसेसर उजेडात तिरका धरला आणि म्हणाला, "काका, याचं माप घ्यायचं नसतं, याच्या पाठीवरचा नंबर वाचायचा असतो." मग त्याने डबीचं झाकण उलटं केलं. झाकणाच्या आत तू मार्करने सॉकेटचा नंबर लिहून ठेवला होतास. मी ती डबी चार दिवस हाताळत होतो आणि झाकण उलटं करून बघायचं मला सुचलं नव्हतं. तो मात्र नंबराकडे बघतच नव्हता. म्हणाला, हे तर ताईंचं अक्षर.

खारू, त्यानंतर काय झालं ते मी तुझ्या आईलाही नीट सांगू शकलो नाही. मी म्हटलं, मी तिचा बाप. तो माणूस उठून उभा राहिला, स्वतःचं स्टूल मला दिलं आणि चहा सांगितला. तू वर्षभर दर शनिवारी तिथे जायचीस, त्याने मेलेले म्हणून टाकून दिलेले बोर्ड घेऊन बसायचीस आणि त्यातले निम्मे जिवंत करायचीस, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं. शेजारचे दोघं तिघं आले, ताईंचे वडील आलेत म्हणून. मला चाळीस वर्षांत पुष्कळ मान मिळाला, पण तो सगळा कॉलर बसवण्याबद्दल. बाप म्हणून मला कोणी स्टूल दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. शनिवारी तू मैत्रिणीकडे जातेस असं मी समजत होतो. मग त्याने विचारलं, ताई हल्ली दिसत नाहीत, बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, हो, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागलीय, बाहेरगावी. खोटं काही नव्हतं त्यात. तरी कप मी तसाच खाली ठेवला.

त्याने नंबराबरहुकूम बोर्ड काढून दिला, आणि वर सांगितलं की हा बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना आहे, त्यामुळे सॉकेट जुळलं तरी तो याला ओळखणार नाही. त्याला नवीन प्रोग्रॅम घालून शिकवावं लागेल. म्हणून बोर्ड दोन दिवस त्याच्याकडेच राहिला. (तुझी आई म्हणाली, जुनी वस्तू दोन दिवसांत शिकते? आणि माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो.)

पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र तुझ्या बापाने नाव राखलं. चष्मेवाल्याच्या गल्ल्यावर दोन होते, दोन्हींवर पाचशे वॉट छापलेलं. मी दोन्ही हातांत तोलले. एक बिस्किटांच्या रिकाम्या डब्याइतका हलका. मी म्हटलं, हा नको, याच्या आत अस्तर नाही. दोन्ही चष्मे माझ्याकडे वळले. तो म्हणाला, बरोबर ओळखलंत, हा एक गिऱ्हाइकाने परत आणून टाकलाय, यावरचा आकडा नुसता छापलेला आहे. मग त्याने बेरीज केली: प्रोसेसर पासष्ट वॉट, डिस्क, पंखे, सगळं मिळून दोनशेच्या आतच. दोनशेचा चालेल का म्हणून विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मी म्हटलं, चांगल्या कंपनीचा साडेचारशेचा द्या. पोराच्या पँटला आपण खाली दुमडीत कापड सोडतोच ना. उद्या तिने आणखी काही बसवलं तर ताण पडायला नको. तो हसायला लागला. म्हणाला, ताईही हेच सांगायच्या सगळ्यांना, दुमडीत कापड सोडा. मी तुला कधी काही शिकवलं असं मला वाटलंच नव्हतं. तू दुकानात अभ्यासाला बसायचीस, तेव्हा ऐकत होतीस तर.

असो. रविवारी सकाळी कटिंगच्या टेबलावर चादर अंथरून सगळं जोडलं. प्रोसेसर असा अलगद बसला की मी पुन्हा एकदा उचलून पुन्हा बसवला. स्क्रू मोजून पिळले. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. मॉनिटरची वायर बदलून पाहिली, रॅम काढून घातली. माझ्या अकलेची हद्द झाली. चष्मेवाल्याला बोलवू म्हटलं तर तोही म्हणतो, ताईच बघतील. तेव्हा तुला रजा मिळत असेल तर दोन दिवस येऊन जा. घाई नाही. या शनिवारी आलीस तरी चालेल.

आईची काळजी करू नकोस, माझीही करू नकोस, पण केलीस तर मला कळव. वेळेवर जेव.

तुझे,
बाबा

ता. क. : कटिंगचं टेबल मी मागे सरकवलं आहे. पुढची साडेपाच फूट जागा मोकळी आहे. मला मागे जरा अडचण होते, कोपर भिंतीला लागतं, पण त्याची सवय होतेय. जागा तुझी आहे, तू ये किंवा न ये. त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो ते चुकीचं होतं आणि हसलो ते त्याहून चुकीचं. हे मी पत्राच्या सुरुवातीलाच लिहिणार होतो.

आणखी ता. क. : मी आई. हे तिकिटं आणायला पोस्टात गेलेत आणि पाकीट चिकटवायला मला दिलंय. पडदा काळाबिळा काही नाही. रविवारी होता, खरं आहे. प्रोसेसरजवळ लावायची एक वेगळी वायर असते म्हणे, ती यांना शर्टाच्या आत जादा बटण शिवलेलं असतं तशी जादा दिलेली वाटली, म्हणून गुंडाळी करून निळ्या दोऱ्याने बांधून ठेवली होती. सोमवारी सकाळी यांचं यांनाच उमगलं. लावली, आणि पडदा उजळला. हे उठून उभे राहिले. किती वेळ नुसते बघत होते, मग डोळे पुसले आणि मला म्हणाले, तिने निवडलेला आहे, चालणारच. मग बंद केला, ती वायर पुन्हा उपसली, गुंडाळी केली, दोरा बांधला आणि मागे सारली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, तिला यायला काहीतरी काम नको का.

तेव्हा शनिवारी आलीस की लगेच त्या वायरला हात घालू नकोस. थोडा वेळ शोध. हे शेजारी टॉर्च धरून उभे राहणार आहेत.