राहून गेलेला चिंचोका

अहमदनगर,
मार्च १९७३

प्रिय दानू,

तुझा जाडजूड लखोटा पोचला. पोस्टमन घाबरून म्हणाला, "बाई, कोर्टाचं काय हाय का?" आता त्याला कसं सांगू, की मुंबईतल्या खोलीएवढ्या यंत्राला द्यायचा प्रोग्राम माझा भाऊ आधी शाळेत गणित शिकवणाऱ्या बहिणीकडून तपासून घेतो! यंत्रावर वेळ मिळता मिळत नाही, म्हणून चुका कागदावरच पकडायच्या, हे तुझं म्हणणं मला पटतं. तू दोन गोष्टी विचारल्यास. प्रोग्राम बरोबर आहे का, आणि नॉर्वेची तीन वर्षांची नोकरी घेऊ का. पहिलीचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी.

प्रोग्राम लिहायची तुमची ही नवी भाषा मला आवडली हो. प्रत्येक वस्तूची माहिती तिच्याच पोटात. बाहेरच्याने हात घालायचा नाही, हवं ते तिलाच विचारायचं. आपल्या सोनईच्या आत्याच्या डब्यांसारखं. अशा वस्तूंची रांग लावायची आणि तुझ्या प्रोग्रामने एकेकीजवळ जाऊन तिला तिचं काम करायला सांगायचं, एवढंच ना? मी ओट्यावर चिंचोके मांडले. मूठभर मांडले, सगळ्यांचा नंबर लागला. एकच ठेवला, त्याचाही लागला. मग तोही उचलला. रिकाम्या रांगेत तुझा प्रोग्राम अडखळेल असं वाटलं होतं, पण तो निमूट थांबला. शाबास.

मग मला खोडी सुचली. काम होताच एखादा रांगेतून उठून गेला तर? मी तिसरा चिंचोका उचलला. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले, म्हणजे चौथा तिसऱ्याच्या जागी आला. तुझा प्रोग्राम मात्र म्हणतो, तीन झाले, आता चार. आणि मूळचा चौथा राहून गेला, दानू. त्याला कोणी हाकललं नाही, तो रांगेतच आहे. फक्त त्याच्याकडे कोणी आलं नाही. कोणी उठून गेलं तर आकडा पुढे नेऊ नकोस, एवढी दुरुस्ती कर. मी मात्र त्या चिंचोक्याकडे बघत बसले आणि मला रडूच कोसळलं.

आपल्या चर्चच्या मंडळीची बुधवारची घरसभा तुला आठवतेच. घराघराने पाळी. आई गेल्यावर माझी ही पहिलीच. व्यवस्था बघणाऱ्या सूर्यभानकाकांना घरांचे नंबर पाठ. सातवं रतनबाईंचं, आठवं आपलं, नववं इसहाकचं. रतनबाईंकडे सभा झाली आणि त्याच आठवड्यात त्या घर बंद करून पुण्याला लेकाकडे गेल्या, या दुष्काळात विहिरीला पाणी उरलं नाही म्हणून. काकांनी त्यांचं घर वजा केलं, आणि रविवारी चर्चमध्ये जाहीर केलं, सात झालं, आता आठवं, इसहाकचं. मी सतरंज्या धुऊन ठेवल्या होत्या, रेशनची साखर चहासाठी जपली होती. वाटलं, एकट्या बाईच्या घरी कशाला जायचं, असंच सगळ्यांनी ठरवलं असणार. मीही कोणाला विचारलं नाही. शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद होताच घरी निघून यायचे.

चिंचोका सापडल्यावर मात्र काकांना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं पोरी, मोजन्यात चुकी झाली की! मुद्दाम न्हाई क्येलं. तुज्या आईच्या हातचा च्या लई प्यालोय मी." काल बुधवारी सगळे आले. छबूबाईने बेसूर गायन धरलं, रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन कंटाळलेल्या पोरांनी माझी सगळी बिस्किटं फस्त केली, कोणीतरी आईची आठवण काढून प्रार्थना केली. सगळं छान झालं. मी हसत दारापर्यंत पोचवायला गेले आणि आत आले, तर घर होतं तसंच. मंडळीवर राग होता तोवर एकटेपणाला निदान कारण होतं. आता कोणाचा दोषही उरला नाही, आणि स्वयंपाकघरात बोलायला माणूस नाही.

आता नॉर्वेचं. सकाळपासून कागद फाडतेय. प्रत्येकावर 'जा, माझी काळजी करू नकोस' असंच लिहिलं होतं. मोठ्या बहिणीने असंच लिहायचं असतं, आणि तूही त्याचीच वाट बघत असशील. पण मला ते लिहवत नाही रे, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र. यंदा जाऊ नकोस, दानू. अशी संधी पुन्हा येणार नाही हे मला कळतं. मी तुझ्याकडे काय मागतेय तेही कळतं. तरी मागतेय.

तुझीच, आणि आज पहिल्यांदाच हट्टाला पेटलेली,
दीनाताई