स्वयंपाकघराच्या जागी एक बोअर

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
बांधकाम परवाना व माती तपासणी कक्ष,
खाडीकाठ विभाग, लागोस.

विषय : इदी-अग्बोन येथील कोसळलेल्या चार मजली इमारतीच्या जागेवर मातीपरीक्षणासाठी एक बोअर घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : सदर जागेत खोदकामास मनाई करणारे आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. २४ जून.

महोदय,

१. अर्जदार हा विद्यापीठातून निवृत्त झालेला प्राध्यापक असून प्राचीन कायद्यांचा इतिहास हा त्याचा विषय होता. उपरोक्त इमारत गेल्या महिन्यात कोसळली. तिच्या तळमजल्यावर अर्जदाराची धाकटी बहीण मोजिसोला राहत असे व पहाटे चवळी वाटून दारात अकारा तळून विकत असे. ती अद्याप तळमजल्यावरच आहे. वरच्या मजल्यांवरील माणसे काढण्यात आली. तळमजला जमिनीत रुतला, तो उकरायला आलेले यंत्रही रुतले, आणि यंत्र बाहेर निघाल्यावर शोधकार्य यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचे आपण जाहीर केले. यंत्र सुखरूप असल्याबद्दल अर्जदार समाधान व्यक्त करतो.

२. प्रेत काढण्यासाठी स्वतःचे मजूर लावू द्यावेत, अशी विनंती अर्जदाराने केली होती. त्यावर संदर्भीय पत्राने कळवण्यात आले की, मातीपरीक्षणाचा अहवाल सादर केल्याशिवाय त्या जागेत फावडे मारता येणार नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी मातीच्याच विटांवर कोरून ठेवलेले कायदे वाचण्यात अर्जदाराचे आयुष्य गेले. पडलेल्या घराविषयी त्यांत बरेच काही आहे. मात्र मेलेल्या माणसाने अगोदर आपल्या अंगाखालच्या मातीचा दाखला हजर करावा, अशी तरतूद त्यांत कोठेही आढळली नाही. एवढ्यापुरते आपले कार्यालय त्या लोकांच्या पुढे गेले आहे, हे मान्य केले पाहिजे.

३. असा अहवाल आपल्या दप्तरी आहे व त्याच्याच आधारे आपण चार मजल्यांना परवाना दिला, ही बाब अर्जदाराने निदर्शनास आणली. जमीन लाल, घट्ट व चार मजले सहज पेलणारी, असे त्यात नमूद आहे. त्यावर आपले लिपिक श्री. फागबेमी म्हणाले, “प्रोफेसर, तो कागद चालायचा नाही. ती माती तिथली नाहीच.” मग ती कुठली, असे विचारता ते म्हणाले, “अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, आणि तुम्ही एवढे शिकलेले, मलाच विचारताय होय?”

४. गल्लीला ठाऊक आहे ते असे. बोअर घेणारे श्री. एनिओला यंत्र घेऊन जागेवर आले, तेव्हा त्या जमिनीच्या मूळ घराण्यातील वडीलधारे बाबा लाडेगा कोलाची फळे व जिनची बाटली घेऊन उभे होते. जमीन उघडण्यापूर्वी तिला थोडी जिन पाजावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. श्री. एनिओला हे अलीकडेच प्रभूला शरण गेलेले. ते म्हणाले, “सैतानाची दारू माझ्या यंत्राच्या जवळपास नको, बाबा.” बाबा म्हणाले, “मग तुझं यंत्र माझ्या आजोबांच्या जमिनीच्या जवळपास नको, लेका. परक्याच्या घरात शिरतानासुद्धा माणूस खाकरतो. तू तर थेट भोक पाडायला निघालास.” घराण्याची पोरे यंत्रापुढे फतकल मारून बसली. श्री. एनिओला यांनी यंत्र उचलले आणि रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावर, चर्चच्या आवारात लावले. पास्टरांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली व तेथील माती या जागेच्या नावाने पिशव्यांत भरली गेली. ती खरोखरच लाल व घट्ट आहे. रस्त्याच्या अलीकडे मात्र लाकूडगिरण्यांनी वर्षानुवर्षे खाडीत लोटलेला भुसा आहे व वर वाळूचा पातळ थर आहे. कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागला नाही. चर्च अजून उभे आहे.

५. मोजिसोला तेव्हा चर्चसमोरच्या कोपऱ्यावर तळणीला बसत असे. बोअरवाल्यांनी चर्चच्या पायरीवर बसून खाल्लेले अकारा तिचेच होते. पुढे आपले निरीक्षक पाया पाहण्यास आले, तेव्हा तिने त्यांनाही वाढले आणि म्हणाली, “साहेब, घर इथं बांधतात आणि नाडी देवाच्या अंगणाची बघून गेले. असं चालतं का हो?” निरीक्षक म्हणाले, “मावशी, गरम आहेत तोवर खाऊ दे की.” त्यांनी आणखी मागून घेतले व पाया मंजूर केला. इमारत झाल्यावर तळमजल्याची खोली मोजिसोलाला मिळाली. स्वतःचे स्वयंपाकघर प्रथमच मिळाल्याचा तिला फार आनंद होता.

६. नवा अहवाल मालकाने द्यावयाचा असतो. मालक प्रकृतीच्या कारणास्तव परदेशी आहेत. यावर श्री. फागबेमी यांनीच वाट दाखवली : “खोदायला बंदी आहे, प्रोफेसर, बोअरला नाही. बोअर म्हणजे तपासणी. त्याला कुणीही अर्ज करू शकतो.” ही सूचना अर्जदाराने अक्षरशः स्वीकारली आहे. आमच्याकडे थोरल्यांनी धाकट्यांची कबर पाहू नये, असा रिवाज आहे. कबरच होऊ दिली नाहीत व तो पाळणे आपण सोपे केलेत, तरी अर्जदाराची आई ऐकत नाही. ती रोज त्या जागेभोवती बांधलेल्या दोरीपाशी जाऊन बसते व पहारेकऱ्याला विचारते, “माझ्या लेकीला कागद मिळाला का रे?”

७. सबब विनंती की, तळमजल्यावरील मागच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघर होते तेथे, एक बोअर मंजूर व्हावे. कोपरा दाखवण्यास अर्जदार स्वतः हजर राहील. या खेपेस जिनही शिंपडली जाईल आणि प्रार्थनाही होईल. नियमाप्रमाणे दर मीटरला जे वर येईल, ते वेगळ्या पिशवीत भरून वर खोली लिहावी. प्रयोगशाळेस आवश्यक तेवढे ठेवून घेऊन उरलेले नमुने अर्जदाराच्या ताब्यात द्यावेत. आईने पुरण्यासाठी नवे कापड विणून घेतले आहे. ते पुऱ्या माणसाच्या मापाचे आहे. अर्जदार ते कापून घेईल.

परवानगीची वाट पाहत दोरीच्या अलीकडेच थांबलेला,

आपला नम्र,
(सही)
डॉ. एनीतान अकीनसान्या
इदी-अग्बोन, दि. ९ जुलै २०१९

सोबत :
१. मूळ मातीपरीक्षण अहवालाची प्रत (चर्चच्या आवारातील माती).
२. बाबा लाडेगा व पास्टर यांचे एकत्रित संमतीपत्र.
३. कु. मोजिसोला अकीनसान्या यांचे छायाचित्र, नमुन्यांची ओळख पटवण्यासाठी.