माझ्या हृदयाची कलकत्त्यातली बदनामी

नंदुरबार,
ता. १२ फेब्रुवारी १९६४

चि. भिकन यास निर्मलाआत्याचे आशीर्वाद. (कॉलेजात तू डॉक्टर बी. एन. असशील, तुझे नाव ठेवताना मी हजर होते.) तू खुशाल असशील. माझी खुशाली मी कळवत नाही, कारण ती आता माझ्याआधी कलकत्त्याला कळते.

गावोगावच्या लोकांच्या हृदयाचे ठोके कागदाच्या पट्टीवर उतरवून साठवायचे आणि देशातल्या कुठल्याही डॉक्टरने मागितले की अभ्यासाला प्रत पाठवायची, या तुमच्या संग्रहासाठी तू माणूस आणि मशीन पाठवलेस. काम चांगले, म्हणून मी मिरची निवडणाऱ्या बायका गोळा केल्या. मिरचीचे व्यापारी गिरधरशेठ यांनी मोठ्या मनाने खोली दिली, ती नेमकी मिरची वाळते त्या मैदानाला लागून. तुझा माणूस नाकाला रुमाल बांधून डोळे पुसत बसला. आम्हाला त्याचे काही वाटत नाही. या दिवसांत नंदुरबारात जो शिंकत नाही तो गेला असे समजावे.

वायरी पाहून बायका बिचकल्या. जसोदाबाई म्हणाली, "बाई, पहिले तुम्ही झोपा. तुम्हले काही व्हयनं नही ते मंग आम्ही झोपसूत." जन्मभर मुख्याध्यापिका म्हणून मिरवले, आता माघार कशी घेणार? झोपले. हातापायांना पट्टे बांधले, आणि शिंक आली.

आता कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला भूमितीपेक्षाही पक्के शिकवले होते की परपुरुषासमोर शिंकायचे नाही, शिंक गिळायची. मी गिळली. ती परत आली, मी परत गिळली. चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. पण आत जी उलथापालथ चालली होती ती त्या चहाडखोर सुईने सगळी कागदावर काढली. माझ्यामागून जसोदाबाई झोपली आणि अशी शिंकली की मशीनवरचे फडके उडाले. तुझा माणूस हसला, थांबला आणि तिची पट्टी नव्याने घेतली. म्हणून तिचे हृदय निर्दोष, आणि माझे दुर्मिळ!

संग्रहात नावे घालत नाही म्हणतोस. 'स्त्री, वय एकसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, नंदुरबार.' अरे, मग माझा फोटो तेवढा का वगळलास? (आणि मी साठ वर्षांची आहे.) कलकत्त्याच्या कुणा डॉक्टरने त्या पट्टीवरून दुर्मिळ हृदयविकाराचा लेख लिहिला, आणि तू तो अभिमानाने वडिलांना धाडलास! आता तुझा बाप नारसिंग मला कायमची विसरवाडीला तुमच्या घरी न्यायला निघाला आहे. तुझ्या आईने शेळ्या बाहेर बांधून मागची खोली सारवली म्हणे. रूपीबाई मनाने सोने आहे, पण दिवसभर "वन्सं, बसा. वन्सं, उठू नका," ऐकण्यापेक्षा मी खरीच आजारी पडलेली बरी. माझ्या या दोन खोल्या, माझे कुलूप, वाचायला शिकायला येणाऱ्या माझ्या बायका, हे सोडून मी शेळ्यांच्या जागी जाऊन बसू?

तेव्हा ती नोंद दुरुस्त कर. मात्र कारण म्हणून 'शिंक' लिहायचे नाही. मी शिंकले नाही. सगळा मुद्दा तोच आहे.

तुझी,
निर्मलाआत्या

ता. क. : नोंदीचे सावकाश बघ, पण वडिलांना तार आजच कर : 'आत्याचे हृदय उत्तम. हलवू नये.' पट्टी संग्रहातून काढूनच टाकली पाहिजे असे नाही. कलकत्त्याच्या डॉक्टरांचे इंग्रजी फार सुरेख आहे.

आणखी ता. क. : हे पत्र टपालात टाकण्याआधीच नारसिंग आला. माझी लोखंडी पेटी उचलून जिना उतरू लागला. मी ती त्याच्या हातून घेतली आणि परत वर नेऊन ठेवली. "बाय, ठेव ती, मरशील!" असे ओरडत तो मागून आला आणि अर्ध्या जिन्यातच घामाघूम होऊन बसला. मी नाडी पाहिली. मला ती आवडली नाही. त्याला माझ्या खाटेवर झोपवला आहे, विडी बंद केली आहे. तो रागावून उठतो, मी परत निजवते. तर तार आता तुझ्या आईला कर : 'नारसिंग नंदुरबारलाच राहील. हलवू नये.' आणि मशीन पाठव.