जो जन्मलाच नाही त्याचं श्राद्ध

इमाबारी,
२४ नोव्हेंबर १९८१

प्रिय फुमिए,

अनेक आशीर्वाद. तिकडे साप्पोरोत बर्फ पडायला लागला असेल. मी पाठवलेले लोकरीचे मोजे घालतेस, की कपाटात घडी करून ठेवलेस? दिवसभर वॉर्डात उभी असतेस, पाय गार पडले की माणूस आजारी पडतो. तू नर्स असलीस तरी हे मी तुला सांगणारच. इकडे सगळं ठीक आहे. बाबांना खोकला आहे, म्हणजे तेही नेहमीसारखेच आहेत. यंदा संत्री लवकर गोड झाली. एक पेटी तुझ्या पत्त्यावर धाडली आहे, मैत्रिणींना दे.

तुझं उत्तर येत नाही, याची मी तक्रार करत नाही. तक्रार करायला बसले तर हे पत्र कुठल्या कुठे जाईल.

आज लिहायला कारण आहे. बाबांच्या मंदिरात एक प्रकार घडला आणि तो आता गावभर झाला आहे. मामीने तिखटमीठ लावून तुला कळवण्याआधी माझ्याकडून कळलेला बरा.

टीव्हीवरची ती ‘दीपस्तंभ नऊ’ नावाची चित्रमालिका तुला आठवते ना? आठवते ना काय विचारते, तुझ्या भावाने त्यापायी तुझं डोकं खाल्लं होतं. अंतराळातला दीपस्तंभ, वाट चुकलेली जहाजं, आणि दिवा सांभाळणारा तो मिनासे. ड्यूटीवर जाताना संत्रं सोलायचा, अर्धं खायचा आणि अर्धं पुढच्या पाळीवाल्यासाठी टेबलावर ठेवायचा. आपल्याकडेही वर्षभर टेबलावर अर्धी संत्री सुकत पडायची आणि मी ओरडायची.

तर तो मिनासे गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. दीपस्तंभ फुटायला आला होता, बाकीचे सगळे निघाले, पण शेवटचं जहाज पार होईपर्यंत दिवा हाताने फिरवत ठेवायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं. तो राहिला. शेवटी नुसतं टेबल दिसलं आणि त्यावर अर्धं संत्रं. असं म्हणतात हं, मी पाहिलं नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघरातच असते.

सोमवारी बाजारात गेले तर सुतक असावं तसं वातावरण! बोटीची तिकिटं देणारा पोरगा दंडाला काळी फीत बांधून बसला होता. शाळेत मुलींनी रडून रडून तास होऊ दिला नाही. टीव्हीवाल्यांना शिव्यांची पत्रं गेली म्हणे, आणि एका बाईंनी तर ज्याने मिनासेला आवाज दिला त्याला सांत्वनाचं पत्र लिहिलं. कोळीण माझ्याशी दातओठ खात बोलली, “आमचा दिवटा दोन दिवस जेवला नाही हो! सख्खा आजा गेला तेव्हा यानेच दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता!” मी हसले. घरी येताना मात्र पिशवी एकदम जड वाटायला लागली, म्हणून धक्क्यावर जरा बसले.

त्याच आठवड्यात कायानो आली. सायकलच्या दुकानवाल्यांची धाकटी. या मालिकेच्या भक्तांचं जे मंडळ आहे ना, हाताने लिहून, छापून अंक काढतात ते, त्याची ती आता प्रमुख आहे. आधीचा प्रमुख कोण होता हे तुला सांगायला नको. तो दवाखान्यात होता तेव्हा दर रविवारी अंकाचं सामान घेऊन यायची, तीच ही. सोबत चौघं होती, सगळी शाळेच्या गणवेशात, शर्टाची वरची बटणंसुद्धा लावलेली. दारातच गुडघे टेकून बसली.

“काकू, आम्हाला मिनासेचं अंत्यकर्म करायचंय. रीतसर. दोन मंदिरांनी हाकलून दिलं.”

“काय म्हणाले?”

“एक म्हणाले, अभ्यास करा. दुसरे म्हणाले, त्या चित्रकाराकडे जा, त्यानेच मारलाय.”

मंदिराची झाडलोट करणाऱ्या आपल्या त्सुरु आजी अंगणात होत्या. त्यांना ऐकू कमी येतं म्हणतात, पण नको ते बरोबर येतं. झाडू टेकवून म्हणाल्या, “मेलेल्यांचं करता करता आमच्या कमरेचे काटे ढिले झाले, आता जो जन्मलाच नाही त्याचंही श्राद्ध घाला! उद्या भाताच्या शितांचंही तेरावं घाला!”

आवाज ऐकून तुझे बाबा बाहेर आले. मला वाटलं, ते नेहमीसारखे घसा खाकरतील, काहीतरी मोघम बोलतील आणि पोरांना चहा पाजून वाटेला लावतील. ते कायानोसमोर बसले आणि म्हणाले, “वय काय धरायचं? एकोणीस की वीस? दिवा बंद पडला होता त्या भागात त्याचा वाढदिवस झाला ना?”

पोरं बघतच राहिली. मीही.

सगळी गेल्यावर मी तुझ्या भावाच्या खोलीत गेले. वर्षभर झाडायलासुद्धा मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, ते काम बाबांनी अंगावर घेतलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी म्हणायचे, “जरा जुन्या पोथ्या लावून येतो,” आणि मी म्हणायची, लावा. टीव्हीपुढचं बसकर मधोमध खोल दबलं होतं. टीव्हीचा आवाज पार खाली केलेला होता. शेजारी बशीत अर्धं संत्रं होतं. ताजं.

फुमिए, भावाचं कर्म झाल्यावर जाताना तू बाबांना म्हणालीस, “तुम्ही बाप नाही, घंटा आहात. कुणीही मेलं तरी सारखीच वाजते.” मी तुला गप्प बस म्हटलं. पण खरं सांगू? मी मनातून तुझ्याच बाजूची होते. पोटच्या पोराचं अंत्यकर्म स्वतः केलं या माणसाने, आणि एका अक्षराला आवाज हलला नाही. तू आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो होतो. त्या पाठीचा मला इतका राग आला होता की नंतर कितीतरी दिवस मी त्यांचा चहा मुद्दाम गार करून द्यायची. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की चहा गार आहे.

असो. कर्माचा दिवस ठरला. मला वाटलं दहा-पंधरा पोरं येतील. हिरोशिमाच्या बोटीने माणसं आली! काळे कपडे, हातात जपमाळा, कुणीकुणी तर आईबापांनाही घेऊन आलेलं. कायानोने मिनासेचं चित्र काढून काळ्या फितीत लावलं होतं. प्रत्येकाने एकेक संत्रं आणलं, तिथेच सोललं, अर्धं चित्रापुढे ठेवलं आणि अर्धं खाल्लं. सगळ्या मंदिरात सालींचा वास. त्सुरु आजी म्हणाल्या, “देवाला उष्टं?” आणि मग स्वतःही एक सोलायला घेतलं.

रीतीप्रमाणे बाबांनी त्याला मरणोत्तर नाव दिलं होतं. तोम्यो, म्हणजे देवापुढच्या दिव्याचा उजेड. कागदावर लिहून, वाळवून, समोर ठेवलं होतं. ते नाव शोधायला त्यांनी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या, हे मी पाहिलं आहे.

सूत्र सुरू झालं. तोच आवाज, सपाट, न हलणारा, न डुलणारा. मी मागे बसून त्याच पाठीकडे बघत होते आणि तोच जुना राग हळूहळू वर येत होता. मग नाव घ्यायची जागा आली. कागद समोर होता गं, तोम्यो लिहिलेला कागद नाकासमोर होता.

ते म्हणाले, “शुन्को.”

शुन्को. वसंतातला उजेड. ते नाव कुणाचं आहे, तुला ठाऊक आहे. आपल्या देव्हाऱ्यातल्या त्या नव्या लाकडी पाटीवरचं.

आणि आवाज थांबला. घंटेची मोगरी हातात तशीच वर राहिली. मला फक्त पाठ दिसत होती, फुमिए, आणि ती पाठ हलत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला उठता आलं नाही. उठून जायला हवं होतं मी त्यांच्याजवळ, पण माझे पाय जागचे हलले नाहीत. लोकांना वाटलं असेल, अशीच रीत असते.

मग कायानोने जिथे थांबलं होतं तिथून सूत्र उचललं. पाठ होतं तिला. मग तिच्या शेजारच्या पोराने. मग सगळ्यांनी. जी गोष्ट आवडते ती ही मुलं पाठ करून टाकतात, एकेका भागातलं वाक्य न वाक्य, तसंच सूत्रही पाठ करून आली होती. मिनासेला कमी पडायला नको म्हणून. बाबांच्या पाठीमागून पोरांचा तो आवाज निघाला, आणि त्याने सूत्र शेवटपर्यंत नेऊन सोडलं. त्सुरु आजी पण म्हणत होत्या, एक ओळ मागे राहून.

जेवणं झाल्यावर कायानो भांडी विसळायला माझ्याजवळ आली. बराच वेळ एकच वाटी धूत राहिली.

“काकू, ते नाव मिनासेचं नव्हतं ना?”

ती गेल्या वर्षी आपल्याकडच्या कर्मालाही होती, मागे, दाराशी. मी तिच्या हातातली वाटी घेऊन पुसायला लागले.

“बाकीच्यांना माहीत नाही. सगळ्यांनी लिहून घेतलंय. अंकात छापायचंय, मिनासेचं मरणोत्तर नाव म्हणून. गुरुजींना विचारून दुरुस्त करू का?”

मी तिला बाबांकडे नेलं. ते ओसरीवर बसले होते, चेहरा धुऊन आले होते, उगाच चष्मा पुसत होते. तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चूक माझी आहे. एकाचं नाव दुसऱ्याला देता येत नाही. दुरुस्त कर.”

कायानो उठली नाही. मान खाली घालून म्हणाली, “गुरुजी, हारुओला विचारलं असतं तर?”

बाबांनी चष्मा खाली ठेवला.

“मिनासेला आपलं नाव मिळालं असं कळलं असतं ना, तर सलाइनची नळी उपटून नाचला असता तो. आणि पहिल्याच पानावर छापलं असतं.”

तुझे बाबा हसले. म्हणजे हसू आधी आलं, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं आलं. पोरीसमोरच, काही आडपडदा न ठेवता, लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. या वेळी माझे पाय चालले.

हारुओ. बघ, लिहिलं मी. या घरात वर्षभर कुणी हे नाव मोठ्याने घेतलं नव्हतं, आणि ते घ्यायला एका सायकलवाल्याची पोर यावी लागली.

अंक छापून गेला. नाव तसंच ठेवलं. आता रोज टपाल येतं, कुठल्या कुठल्या गावाहून, आपल्या सात पिढ्यांना ठाऊक नाहीत अशा माणसांचं. उदबत्त्या येतात, चित्रं येतात. नागासाकीच्या एका छोट्या मुलीने लिहिलंय, “शुन्को झालेल्या मिनासेदादाला, माझं अर्धं संत्रं तुझ्यासाठी ठेवलं होतं, पण ते सुकलं, म्हणून शेवटी मीच खाल्लं. रागावू नकोस.” बाबा प्रत्येकाला उत्तर लिहितात. ते बघून त्सुरु आजी मला म्हणाल्या, “सूनबाई, आपल्या पोरासाठी आख्खा देश रडतोय, आणि देशाला पत्ताच नाही!” एवढं बोलून बाहीला नाक पुसलं आणि झाडायला गेल्या.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. इतकी पानं त्याच्याभोवती घिरट्या घातल्या.

पुढच्या महिन्यात हारुओचं वर्षश्राद्ध आहे. तू येणार नाहीस असं मी धरून चालले होते, म्हणून विचारणारही नव्हते. पण काल बाबांनी पलीकडच्या गावच्या वृद्ध गुरुजींना पत्र पाठवलं. या वेळी सूत्र ते म्हणणार. मी विचारलं, “आणि तुम्ही?” तर म्हणाले, “मी घरच्यांच्यात बसेन. मागच्या वेळी मला जागा मिळाली नव्हती.”

फुमिए, हारुओच्या कर्माच्या दिवशी बाबा तिथून उठले असते तर आपल्या मुलाला निरोप कुणी परक्याने दिला असता, म्हणून ते उठले नाहीत. मला हे आत्ता कळलं. तुला केव्हा कळेल ते मी सांगू शकत नाही, आणि जबरदस्तीही नाही. रागावलेली आलीस तरी चालेल. बोलली नाहीस तरी चालेल.

पहिल्या रांगेत मी तीन बसकरं घालणार आहे. त्यांच्या एका बाजूला मी बसेन. दुसऱ्या बाजूला मी कुणालाही बसू देणार नाही, मामीलाही नाही.

येताना मोजे घालून ये. मंदिराची जमीन फार गार असते.

हारुओची आणि तुझी,
आई