ओव्हर दिल्याशिवाय

आई, परवा दुपारी दोन वाजता तुझा शब्द ऐकला. आपल्या धाकट्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, म्हणून मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसले होते. काळजीचं काही नाही, तो बरा आहे. दोन वाजले तशा दोन नर्स आल्या, एक घरी जाणारी आणि एक नुकतीच आलेली. जाणारीच्या हातात कागद होता. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ती सांगत गेली, काल ऑपरेशन झालं, बाराला इंजेक्शन दिलं, पाणी सुरू केलंय, दुखतंय म्हणतात पण सोसतात. दुसरी मान हलवत ऐकत होती. मी उठून मध्येच उभी राहिले होते. जाणारी म्हणाली, "मावशी, जरा सरका ना, ओव्हर देतेय." मी सरकले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, तशी बराच वेळ उभीच होते. धाकट्याने विचारलं, चक्कर येतेय का. मी नाही म्हटलं.

घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. तू नर्स होतीस ते प्रसूतिगृह तिथून चालत दहा मिनिटांवर. तुझी दुपारपाळी असली की मी शाळेतून यायची तेव्हा तू साडी नेसून, केस बांधून तयार असायचीस, आणि दप्तर खाली ठेवायच्या आत मला स्टोव्हपाशी उभं करायचीस. दूध तापवलंय, झाकण तिरकं ठेवलंय. डाळ भिजत घातलीय, चारला उपस. धाकट्याला खोकला आहे, थंड पाणी नाही. बाबांचा डबा घासून उपडा घाल. हे सगळं मी परत म्हणून दाखवायचं. एखादी गोष्ट राहिली तर तू पहिल्यापासून सुरू करायचीस. शेवटी विचारायचीस, "मिळालं?" मी म्हणायची, "मिळालं." मग तू चपला घालायचीस. शेजारच्या काकू हसायच्या, म्हणायच्या, बाईने घराचा वॉर्ड करून टाकलाय. तू त्यांना म्हणायचीस, वॉर्डात निदान एक आया तरी असते, इथे तीपण मीच.

तू मला मारलं नाहीस कधी. बोललीस ते एकदाच, आणि तेही हळू आवाजात. मी बारा वर्षांची होते, धाकटा नऊचा. तुझी सकाळपाळी होती, तू सव्वादोनला येणार होतीस, आणि मला मैत्रिणीकडे जायची घाई. मी धाकट्याला म्हटलं, आई येईलच, उंबऱ्यावर बस. आणि निघून गेले. संध्याकाळी परत आले तर तू भाजी निवडत होतीस. काही झालं नव्हतं. तो बसला होता तसाच बसून राहिला, तू आलीस, एवढंच. तू भाजीतून मान वर न करता म्हणालीस, "तू गेलीस दोनला, मी आले दोन दहाला. ती दहा मिनिटं कोणाची?" तू म्हणालीस, "वॉर्डात माझी पाळी संपली तरी दुसरी येईपर्यंत बाया माझ्या. ओव्हर दिल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. मग घरी काही का पेटेना." त्या दिवसापासून मी तो नियम पाळला. एक दिवस सोडून.

दहावीत मला रद्दीवाल्याकडून इंग्रजीची जाड डिक्शनरी आणून दिलीस. प्रीपोझिशन्सनी माझा जीव खाल्ला होता. रिकाम्या जागा भरा म्हटलं की मी अंदाजाने भरायची. एका रविवारी मी ओव्हर हा शब्द काढून बसले, तर तो संपेचना. नदीवरचा पूल ओव्हर. चाळिशी उलटली तरी ओव्हर. भिंतीवरून उडी मारली तरी ओव्हर, जगभर पसरलं तरी ओव्हर, दूध उतू गेलं तरी ओव्हर, पुन्हा एकदा वाचून काढलं तरी ओव्हर, आणि खेळ संपला तरी ओव्हरच. मी मोठ्याने वाचत होते आणि तू पोळ्या लाटत होतीस. बाबा त्या रविवारीही जादा पाळीला साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये जायला निघाले होते. दाराशी थांबून म्हणाले, त्यात आमचा टाइम लावून बघ, आहे का. होता. धाकटा म्हणाला, सहा बॉलची आहे का बघ. तीही होती. मग तू लाटणं थांबवून विचारलंस, "आमची आहे का गं? वॉर्डातली?" मी पानाच्या शेवटापर्यंत बोट फिरवलं. तुमची तशी नव्हती. हॅण्ड ओव्हर होतं, टेक ओव्हर होतं. मी म्हटलं, द्यायचं घ्यायचं मिळून आहे, नुसती नाही. तू हसलीस. म्हणालीस, "एक शब्द बिचारा, किती घरी राबतो. आमच्याकडे अर्धाच येत असेल." सगळ्यांची एकेक ओव्हर निघाली, माझीच नव्हती. मी तसं म्हटलं तर तू म्हणालीस, तू सगळ्या शिकून ठेव. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, आयुष्यभर ऑफिसात इंग्रजीत पत्रं लिहिली. तो शब्द लिहिताना अजून माझा हात थांबतो.

तुझ्या हृदयाची झडप लहानपणापासूनच खराब होती हे आम्हाला खूप उशिरा कळलं. तुला आधीपासून माहीत असणार. जिना चढताना तू मध्येच थांबून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचीस, ते आता समजतं. शेवटच्या वर्षी नोकरी सुटली, त्या दिवशी तू मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलंस. सेकंदकाट्याचं, रोज किल्ली द्यायचं, बाळंतिणींची नाडी मोजायचं घड्याळ. मी म्हटलं, तुला लागेल. तू म्हणालीस, "मी आता कोणाची नाडी मोजू? तुला परीक्षेला होईल." ते आजही माझ्या हातात आहे. धाकट्याला काही दिलं नाहीस, त्याला वस्तूंचं काही नव्हतंच. त्याला फक्त बॉल टाकायचा असायचा. वर्ल्ड कप जिंकला त्याच्या पुढचं वर्ष होतं, गल्लीतला प्रत्येक मुलगा फलंदाज होता. बॉलिंग टाकायला जीव काढणारा हा एकटाच.

तो दिवस. तू आठवडाभर हॉस्पिटलात आहेस. बाबा कामावर. सकाळी सातपासून मी आहे, आणि दोनला धाकटा येणार. त्याची कांदिवलीला मॅच आहे, त्याच्या कॉलेजची. तो जाणार नाही म्हणत होता, तूच पाठवलंस. खिडकीजवळचा तुझा पलंग. तू उशांना टेकून बसली आहेस, कारण आडवं झालं की धाप लागते. तुझे केस मी विंचरले आहेत, वेणी घट्ट झाली म्हणून तू एकदा कुरकुरली आहेस. मला फिनेलचा आणि उकळलेल्या दुधाचा वास सहन होत नाहीये. आठ दिवस झाले मला नीट जेवण नाही, झोप नाही. वीस वर्षांची होते गं मी. दीड वाजून गेल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. थकलीस की तू मालवणीत बोलायचीस. म्हणालीस, "तोंड सुकला तुझा. जा गो, कायतरी खा. पण तेका येव दे आधी." मग म्हणालीस, "आणि तो इलो की पयला इचार, किती इकेटी काढल्यान." मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. मी घड्याळ बघितलं, एक चाळीस. तो येईलच, असं मला वाटलं. बारा वर्षांची असताना वाटलं होतं, अगदी तसंच. मी पर्स उचलली आणि निघाले.

समोर उडप्याचं हॉटेल होतं. खिडकीजवळच्या टेबलावरून हॉस्पिटलचं गेट दिसत होतं. मी डोसा मागवला आणि सगळा खाल्ला. कॉफी घेतली. एक पंचावन्नला धाकटा गेटमधून आत पळत जाताना दिसला. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेली, खांद्यावर पिशवी, बूट बदललेले नव्हते. पळतच होता तो. वेळेआधी आला होता. मला तेव्हा उठता आलं असतं. आता तो आलाय, मला सुटी, असं वाटून मी आणखी एक कॉफी मागवली.

तू झोपली आहेस असं समजून तो तुझ्याजवळ बसला. उठवू नये म्हणून पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, मांडीवर धरून बसला. नर्सेसची ओव्हर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापासून सुरू झाली होती. तुझ्या पलंगापाशी यायला त्यांना वेळ लागला. जाणारी सिस्टर तुला ओळखणारी, तुमच्या प्रसूतिगृहात काही दिवस काम केलेली. ती कागद बघून बोलायला लागली, तुझ्याकडे बघितलं, आणि बोलायची थांबली. मी रस्ता ओलांडून आले तेव्हा धाकटा पॅसेजमध्ये उभा होता. सिस्टर त्याला म्हणत होती, अर्धाएक तास तरी झाला असेल रे, झोपेतच गेली, तिला कळलंही नसेल. त्याने मला विचारलं, "ताई, तू होतीस ना तोपर्यंत?" त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "मी दोन वाजेपर्यंत थांबले होते. तू आला नाहीस." त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "साकीनाक्याला बस अडकली होती." एवढंच म्हणाला. त्याने वाद घातला नाही, कोणाला वेळ विचारली नाही. मी सांगितलं ते त्याने घेतलं.

दिवसपाणी झाले. बाबांनी विचारलं, मामा आले त्यांनी विचारलं, जवळ कोण होतं. प्रत्येकाला त्यानेच सांगितलं, मला उशीर झाला. मी शेजारी बसून ऐकायची. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता बाबाही गेले. धाकट्याने नंतर कधी बॉल हातात घेतला नाही. अभ्यास आहे म्हणाला, पुढे नोकरी आहे म्हणाला. त्याच्या लग्नात मी त्याला चांगलं घड्याळ दिलं, ते कपाटात आहे. तो अजून वापरत नाही. कुठेही जायचं असलं की अर्धा तास आधी जाऊन उभा राहतो. त्याची बायको हसते त्याला. त्याची मुलं त्याला स्टेशनमास्तर म्हणतात. मी त्या घरात दर रविवारी जेवते, आई, आणि सगळे हसतात तेव्हा मीही हसते.

परवा त्या नर्सेस गेल्यावर मी खुर्ची त्याच्या पलंगाजवळ ओढली. तो छताकडे बघत होता. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी किती विकेट काढल्या होत्यास?" कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "तीन." मग म्हणाला, "आठ ओव्हर होत्या माझ्या. सात टाकल्या आणि निघालो. कॅप्टन शिव्या घालत होता. दोन सोडायला हव्या होत्या गं ताई." तो रडला नाही. रोज उठून म्हणावं तसं ते त्याने म्हटलं, आणि मला कळलं की तो ते रोजच म्हणत असणार.

तीन, आई. तू विचारायला सांगितलं होतंस. एवढा निरोप तुझ्याकडे परत आणला. दुसरा, तू जाताना त्याच्याच विकेटींचं विचारत होतीस हा, त्याच्याकडे पोचवायचा होता, तो नाही पोचवला. ती दहा मिनिटं कोणाची, ते मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. ही पंधरा माझी होती. हे पत्र तुझ्या नावाने लिहिलंय, पण ते द्यायला हवं त्याला, हे मला कळतं. लिहून झालं की पर्समध्ये ठेवणार आहे. आजवर अशी तीन लिहिली, तिन्ही फाडली.

परवा तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. मी म्हटलं, "ऐक." त्याने मान वळवली. मी पाणी हवंय का विचारलं. तो नको म्हणाला, आणि मग विचारलं, "ताई, वाजले किती?" मी घड्याळ बघितलं. अडीचला चार मिनिटं कमी होती. मी त्याला तेवढं बरोबर सांगितलं.