कायमचा चमचा

३ मार्च
एक तक्रार नोंदवून ठेवतो. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा ज्या माणसाने बनवला त्याला स्वतःला मूल नसावं, किंवा असलं तर ते दुसरं कोणी सांभाळत असावं. नाहीतर मापाचा चमचा पावडरीच्या तळाशी पुरून ठेवायची बुद्धी त्याला झाली नसती. झाकण काढा, आतला चकचकीत कागद नखाने सोला, आणि पोर टाहो फोडत असताना काट्याने उत्खनन करा. हात घालायचा नाही, जंतू जातात. ओटा पांढरा, शर्ट पांढरा, चष्मा पांढरा. सासूबाई दारातून म्हणाल्या, काय जावईबापू, मोहरांचा हंडा लागला का? मी चष्मा पुसला. कारखान्यात खरेदी मॅनेजर आहे. टोमणे ऐकून घ्यायचा पगार मिळतो.

ठराव: सापडलेला चमचा यापुढे या घराचा कायमचा चमचा. धुऊन, उकळून, स्वतंत्र डबीत. पुन्हा उत्खनन नाही.

५ मार्च
चेअरमनबाई (आमची कन्या, वय दीड महिना, घरातले सगळे निर्णय त्याच घेतात) संध्याकाळभर रडल्या. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा टोमॅटो. बायकोला बाळंतपणानंतर जी औषधं चालू आहेत त्यामुळे अंगावरचं दूध बंद. म्हणजे सगळी मदार डब्यावर. म्हणजे माझ्यावर. कारण खरेदी माझं खातं.

बालरोगतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, या वयात संध्याकाळी गॅस होतो, ढेकर नीट काढा, दूध बदलू नका, आठवडाभर बघा.

आठवडाभर! आमच्या कारखान्यात बेअरिंगचा पुरवठादार एका खेपेत नापास होतो.

बायकोने विचारलं, अर्धा तास धरतोस का हिला, केस धुवायचेत, डोक्याचं घरटं झालंय. म्हटलं, उद्या नक्की. आज डब्यांचा तुलनात्मक तक्ता करायला बसतोय.

७ मार्च
तक्ता तयार. पंधरा रकाने. लॅमिनेट केला, कारण घरात सतत काहीतरी सांडतं. पहिला डबा नापास. दुसरा आणला. त्यावर हसरं पोट छापलंय.

तुलना करायची तर माप एकच हवं, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून नव्या डब्यातला चमचा तळाशी आहे तिथे सुखात राहू दे. कायमचा चमचा आहेच. सूचना मात्र मी अक्षरशः पाळतो. पहिल्या डब्यावर एका बाटलीला दोन चमचे लिहिलं होतं, यावर तीन. तीन म्हणजे तीन. काठोकाठ, वर सुरीने सपाट.

सासूबाई म्हणाल्या, दूध दाट दिसतंय. त्यांना सांगितलं की दाट म्हणजे पैसे वसूल. त्या म्हणाल्या, पैसे वसूल कोणाकडून करताय, त्या जिवाकडून?

केस धुणं राहिलं. उद्या.

९ मार्च
दुसरा डबा नापास. चेअरमनबाई पितात आणि रडतात, पितात आणि रडतात. भूक वाढली असावी, म्हणून मी जास्तीची बाटली करून देतो. ती पण पितात. मग रडतात. शी खड्यासारखी. ती करताना आमच्या चेअरमनबाईंचं सबंध अंग कापतं. मी बघू शकत नाही, म्हणून मी औषधांच्या दुकानात जातो.

तिसरा डबा: लॅक्टोज नसलेला. दुकानदाराने विचारलं, डॉक्टरांनी सांगितलाय का? मी जरा मोघम मान हलवली. हाही तीन चमचेवाला.

१० मार्च
ऑफिसात घोळ. घरचा तक्ता चुकून पुरवठादारांच्या तक्त्यांबरोबर मेलने साहेबांना गेला. डिलिव्हरी: दोन दिवसांतून एकदा. स्वरूप: घट्ट, गोळ्यांमध्ये. रंग: हिरवट. आवाज: प्रचंड. साहेब केबिनमधून ओरडले, हा कुठला माल घेताय तुम्ही? लॉट परत पाठवा! मी म्हटलं, सर, परत घेत नाहीत.

संध्याकाळी बाथरूमचं दार बराच वेळ बंद होतं, नळ चालू होता. सासूबाई पोरीला घेऊन फेऱ्या मारत होत्या. मला बरं वाटलं, चला, केस धुतेय एकदाची. बाहेर आली तर केस कोरडे. डोळे ओले.

काय झालं विचारलं. म्हणाली, काही नाही, नळ चालू असला की तिचं रडणं ऐकू येत नाही, माझंही कोणाला येत नाही.

तिला तिसऱ्या डब्यातल्या प्रथिनांचा रकाना दाखवला. तिने तो बघितला नाही.

ठराव: उद्या संध्याकाळी पोरीला मी घेणार. लिहून ठेवलंय म्हणजे होणारच.

१२ मार्च
काल जमलं नाही. चौथा डबा शोधायला शहराच्या पार त्या टोकाला गेलो होतो. बकरीच्या दुधाचा आहे. घरी आलो तेव्हा बायको पोरीला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून उभी होती आणि उभ्या उभ्या झोपली होती. डोक्याला रुमाल बांधलाय आता. मला बघून म्हणाली, आलास? किती नंबरचा? मी म्हटलं, चौथा, आणि हा शेवटचा. म्हणाली, तू दर वेळी हेच म्हणतोस, आता मलाही विश्वास ठेवायला आवडेल रे.

तीन चमचे. काठोकाठ.

१४ मार्च
अखेर यश! चेअरमनबाई आज शांत. दुपारभर आवाज नाही. खेळणं हलवलं तरी नुसत्या बघतात. डायपरसुद्धा कोरडे. सकाळपासून एकच बदलला, म्हणजे तिथेही बचत. तक्त्यात चौथ्या डब्यापुढे हिरवी खूण केली. घरच्यांना बोलावून छोटंसं भाषण करायच्या बेतात होतो.

सासूबाई आल्या, त्यांनी पोरीच्या टाळूवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, टाळू खोल गेलीय, रिक्षा बोलवा. मी म्हटलं, अहो, ती शांत आहे. म्हणाल्या, ही शांत नाही हो, ही दमलीय. बायकोने तोवर चपला घातल्या होत्या.

पुढचं नंतर लिहीन.

१५ मार्च
लिहायचं नव्हतं. लिहितो.

मी चारही डबे पिशवीत भरून नेले होते, वर तक्ता. डॉक्टरबाईंनी तक्ता उचलून बाजूला ठेवला. पोरीला तपासलं, रक्त घ्यायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, बाटली करून दाखवा, घरी करता तशी.

केली. एक कण सांडला नाही. कायमचा चमचा, तीनदा, सपाट.

त्यांनी विचारलं, हा चमचा कुठला? मी सांगितलं, पहिल्या डब्याचा. आणि अभिमानाने, हो, अभिमानानेच सांगितलं, की माप सगळ्यांना एकच ठेवलंय.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि चौथा डबा त्यावर उपडा केला. पावडरीच्या ढिगातून चमचा निघाला. एवढासा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, मोठ्या चमच्याने दोनात भागतं, हा लहान आहे म्हणून तीन लिहिलेत. तुम्ही मोठ्याने तीन घातलेत. दूध नाही पाजलंत, खळ पाजलीत. तहान लागली होती हो तिला. ती पाणी मागत होती आणि तुम्ही आणखी खळ देत होता.

जास्तीच्या बाटल्या आठवल्या. त्या माझी खास कल्पना होती.

मी म्हटलं, मी तर सगळं वाचलं होतं. बायको म्हणाली, हो, तू सगळं वाचतोस. एवढंच. आणखी बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरीला ठेवून घेतलं. हातावर सुई, त्यावर पट्टी. माझ्या घड्याळाचा पट्टा तिच्या हातापेक्षा रुंद आहे. काचेबाहेर उभा होतो. मनात एकही रकाना नव्हता.

१७ मार्च
पहाटे तिने डायपर ओला केला. नर्सने सांगितलं तेव्हा मी तिचे आभार मानले, तिला कळेना कशाबद्दल. रक्ताचे आकडे जागेवर येतायत. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

२० मार्च
घरी. डॉक्टरांचा हुकूम: पहिलाच डबा, त्याचाच चमचा, डब्यावर लिहिलंय तितकं पाणी, बदल नाही. म्हणजे मी ज्याला नापास केलं तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता. बाकीचेही नापास नव्हते म्हणे. परीक्षक कोण, हे विचारू नये.

उरलेले दोन डबे आणि रिकामा चौथा ओट्यावर आहेत. सासूबाईंनी तक्ता गरम भांडं ठेवायला घेतलाय. लॅमिनेट केल्याचा फायदा झाला, म्हणाल्या.

२३ मार्च, संध्याकाळ
एका हाताने लिहितोय. दुसऱ्यावर चेअरमनबाई.

आज शी मऊ. डायपर ओले, भरपूर. संध्याकाळचा गॅस आहेच, पहिल्या डब्याच्या वेळी होता तेवढाच. पाय पोटाशी घेते, जरा कुरकुरते, खांद्यावर थोपटलं की ढेकर देते. एवढंच करायचं होतं. याला तक्ता लागत नाही, शर्ट लागतो. हा आजचा दुसरा, पहिल्यावर दूध ओकून झालंय.

ऑफिसातून येऊन चहा न पिता पोरीला घेतलं आणि बायकोला म्हटलं, जा. तिला वाटलं काही आणायला सांगतोय. म्हटलं, केस धू. तिने रुमाल सोडला आणि गेली.

आज ठराव नाही.

आतून नळाचा आवाज येतोय. मग तांब्याचा. पुन्हा तांब्याचा. मधेच तिने हाक मारून विचारलं, रडतेय का रे ती?

थोडी रडत होती.

म्हटलं, नाही. तू धू सावकाश.