मोहाखालची वायर

२० मार्च
नाल्याच्या वाळूत वाघाचे पंजे, ताजे. जनावर आलं की भोंगा वाजावा म्हणून मी सेन्सर लावला, त्याच्यापुढूनच गेला अन् घरावरचा भोंगा वाजला नाई. बाया पलीकडे मोहफुलं वेचून राह्यल्या होत्या, माय त्यातच. म्हणते, "भोंगा गप होता, म्हणून तं गेलो."

२१ मार्च
भोंगा चालवणारा बोर्ड उघडला. चिप चालू, प्रोग्रॅम चालू. सेन्सरची वायर लागते ती पिन तेवढी मेली. साडेतीन व्होल्टच्या वर सोसत नाई ती. पण जास्तीचं आलं कुठून? वडसाहून आणलेला दुसरा बोर्ड लावला, दुपारपर्यंत तोही गेला. च्यायला. बायांना म्हटलं, उद्या नका जाऊ. वहिनी म्हणे, "फुलं का तुह्यासाठी थांबतील? हरणं खाऊन टाकतील."

२२ मार्च
गेल्याच सगळ्या. मी वायर धरून मागे मागे निघालो. सापडलं.
मोहाखालचा पाला जाळतात, फुलं दिसाले. वायर जळेल म्हणून कोणीतरी ती उचलून शेजारच्या विजेच्या झटका-कुंपणाच्या बांबूले बांधलेली, पार तारेले लागून. लुगड्याची चिंधी. चिंधी ओळखीची.
मायले विचारलं. "जळून गेली असती ना रे."
कुंपणात ठोका पडला की माह्या वायरीतही उसळी, अन् पिन खलास. राग आला, गिळला. तिनं जपलीच होती ना वायर.

२४ मार्च
वायर वेगळ्या बांबूंवर घेतली. तरी नाल्याजवळ कुंपण जवळच येते, इलाज नाई. तिसरा बोर्ड. पिनच्या आधी उसळी अडवाले रेझिस्टर, अन् पिनपासून अर्थिंगले झेनर डायोड, जास्तीचं आलं की तिकडून निघून जाईल. वायर मुद्दाम झटक्याजवळ धरून पाहिली. पिन जिवंत.

२५ मार्च
पहाटे माय म्हणाली, "जाऊ का?" आजवर कधी विचारलं नव्हतं तिनं. भोंगा ऐकाले काकाले घरी उभं केलं, टॉर्च घेऊन स्वतः सेन्सरपुढून चालून आलो. वाजला. मग 'जा' म्हटलं.
तेव्हापासून ओट्यावर बसून आहे. चहा दोनदा निवला. उन्ह चढलं. भोंगा गप आहे. मेलेली पिनही अशीच गप असते, हे मले एकट्यालेच माहीत. बाया अजून आल्या नाईत.